चार ओळींचं शुद्धिपत्र

४ एप्रिल

चि. भिंगरी,

तुझा फोन पुन्हा पाण्यात पडल्याचं तुझ्या आईकडून कळलं. कितवा, ते मोजणं मी सोडून दिलंय. म्हणून हे पत्र. पोचेपर्यंत तू त्याच खोलीवर असशील अशी आशा आहे, खात्री नाही.

काम आहे. नीट वाच, आणि मधेच उठून जाऊ नकोस.

आमच्या विभागात यंत्रं नाहीत, हे तू पाहिलंयस. खुर्च्या, फळे, खडू आणि कायम गार झालेला चहा. यंत्रं दुसऱ्यांची. इथून लांब, एका बंद पडलेल्या खाणीत, जमिनीच्या पोटात, काही माणसं दहा वर्षं एका टाकीवर नजर ठेवून बसलीत. टाकीतल्या एखाद्या अणूच्या गाभ्यातले दोन न्यूट्रॉन एकदम पालटून प्रोटॉन झाले की बारीकशी ठिणगी पडते. अब्जावधी अणू राखावे तेव्हा एखादी. पण ती पडते हे नक्की झालं, तर विश्वाच्या सुरुवातीला द्रव्याने आणि प्रतिद्रव्याने एकमेकांना पार पुसून न टाकता थोडंसं काही उरलं कसं, म्हणजे तू, मी, खाण, टाकी उरलो कसे, याचा धागा हाती येईल. दहा वर्षांत किती ठिणग्या दिसाव्यात, हे त्यांना माझ्या एका निबंधाने सांगितलं होतं. आठ. दिसल्या दोन.

त्यांना वाटतंय टाकी बिघडली. पंधरा जूनला ते ती उघडणार आहेत. एकदा बाहेरची हवा आत गेली की दहा वर्षं मातीत.

टाकी ठणठणीत आहे, बिघाड माझ्याकडे आहे. मार्चभर बसून सगळं पुन्हा सोडवलं. न्यूट्रॉनच्या जोड्या मोजायच्या असतात. पहिल्याची दुसऱ्याशी आणि दुसऱ्याची पहिल्याशी, ही एकच जोडी. मी दोन धरल्या. सूत्रात आधीच अर्धं केलेलं आहे असं समजून चालले, केलेलं नव्हतं. पुढे त्या आकड्याचा वर्ग होतो, म्हणून दुपटीची चूक चौपट झाली. दोनाच्या जागी आठ.

सत्तावीस वर्षांपूर्वी निम्मेने हे सांगितलं होतं. निबंधावर दोन नावं आहेत, पहिलं माझं, दुसरं निम्मेचं. सात वर्षं एका टेबलावर काम केलं आम्ही. मी ऐकलं नाही. निबंध छापून आला, आणि चार महिन्यांत निम्मेने नोकरीच काय, विषयच सोडला.

आता शुद्धिपत्र छापायचंय. चार ओळी. खाणवाल्यांना मी फोनवर सांगितलं, पण त्यांची समिती छापलेलं मानते, आणि नियतकालिक दोन्ही सह्यांशिवाय छापत नाही. आजवर माझी तीन पत्रं 'घेण्यास नकार' असा शिक्का घेऊन परत आलीत. एक तेव्हाचं, एक मधलं, एक आत्ताचं. म्हणून सोबतचा लिफाफा तू निम्मेच्या हातात द्यायचा. पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर आहे. बंदराचं ते गाव तुझ्यापासून चार तासांवर.

चार तास, भिंगरी. चार आठवडे नव्हे.

मावशी

&nbsp;

१९ एप्रिल

प्रिय मावशी,

आधी चांगली बातमी: मी बंदराच्या गावात आहे. वाईट बातमी तू ओळखली असशीलच.

खरंच सरळ येत होते गं. पण गावाच्या अलीकडे गाडी थांबली, आणि खिडकीतून काय दिसलं, तर एक म्हातारा रंगारी फळीवर लोंबकळत नावेवर नाव रंगवत होता. नावेवर नाव! एकटा, आणि हात थरथरणारा. मी उतरले. फळी धरली. मग त्याने ब्रश दिला. मग काय, अकरा नावांवर अकरा नावं झाली. एका नावेच्या नावात एक अक्षर कमी होतं, म्हणून मी ते घालायला गेले, तर मालक ओरडत आला. म्हणे, या चुकीच्या नावाने ती तीन वादळांतून परत आलीय, खबरदार शुद्ध केलीस तर! तुझ्या शुद्धिपत्राला हा माणूस कधीच सही देणार नाही.

बाय द वे, शुद्धिपत्र म्हणजे शुद्धीवर आल्यावर लिहिलेलं पत्र ना? मग तुला सत्तावीस वर्षं लागली. मला तरी बोलू नकोस उशिरावरून.

लिफाफा सुखरूप आहे. पत्त्याची चिठ्ठी... रंगाची छटा बघायला रंगाऱ्याने हाताला लागेल तो कागद घेतला. आता ती निळी आहे. दोन्ही बाजूंनी.

पण नाव लक्षात आहे! गेले चार दिवस मी गावभर 'निम्मे, निम्मे' करत हिंडतेय. टपाल कचेरीत असं आडनाव नाही. औषधाच्या दुकानात म्हणाले, "निम्मी पट्टी मिळणार नाही, अख्खी घ्या." दाण्याच्या दुकानात विचारलं, "निम्मे कुठे राहतात?" तर तो शांतपणे म्हणाला, "निम्मे इथेच राहतात, निम्मे कामासाठी बाहेरगावी गेले." आता माझं ते गावात टोपणनाव पडायच्या बेतात आहे.

आणि खरं सांग, हे निम्मेकाका तुझे कोण? सात वर्षं एक टेबल, मग एकदम कायमचा अबोला, न उघडता परत आलेली पत्रं. मी शाळा अर्धवट सोडली असेल, पण एवढं गणित मला येतं.

पत्ता परत पाठव. घट्ट शाईने.

तुझी, भिंगरी

&nbsp;

२५ एप्रिल

चि. भिंगरी,

'निम्मेकाका' वाचून इतकी हसले की शेजारच्या खोलीतला विद्यार्थी पाणी घेऊन आला. का हसले ते तिथे गेल्यावर कळेल.

निम्मे हे आडनाव नव्हे. ते मी पाडलेलं नाव. आमच्याकडे दर गुरुवारी कुणीतरी फळ्यापाशी उभं राहून आपलं गणित मांडतं आणि बाकीचे त्यात खिळे ठोकतात. त्या गुरुवारी मी मांडत होते. निम्मेने मागच्या रांगेतून म्हटलं, "उत्तर निम्मं यायला हवं." मी सूत्र दाखवलं. पुन्हा तेच, "निम्मं यायला हवं." तेव्हा मी म्हटलं, "तुला जगातलं सगळंच निम्मं दिसतं." खोलीभर हशा पिकला. दुसऱ्या दिवसापासून शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव. मला तेव्हा ते प्रेमाचं वाटलं होतं. मी विचारलं मात्र कधी नाही.

तुझ्या गणिताबद्दल: नाही. दोन माणसांना एकच प्रश्न सात वर्षं छळत असेल तर त्याला जे म्हणतात ते. त्याला शब्द नाही, आणि असता तरी तुला सांगितला नसता.

पत्ता: बंदराच्या पायऱ्या चढून वर, डाव्या हाताला, वजनकाटे दुरुस्तीचं दुकान. दारावर पितळी तराजू टांगलाय म्हणतात. रंगाऱ्याला नमस्कार सांग आणि ब्रश परत कर.

पंधरा जून लक्षात ठेव. तुझ्यावर नाही, मी माझ्यावर चिडलेय.

मावशी

&nbsp;

१२ मे

प्रिय मावशी,

लबाड! तुझं पहिलं पत्र मी पुन्हा दिव्याखाली धरून वाचलं. 'निम्मेने सांगितलं', 'निम्मेने विषयच सोडला'. एकाही क्रियापदाला लिंग नाही! वकील व्हायची राहिलीस चुकून.

तर झालं असं. पायऱ्या चढले, तराजू दिसला, आत गेले. चिंचोळं दुकान, पण लख्ख. भिंतीभर काटे: बाजारातले, पार्सलवाले, औषधवाल्यांचे काचेच्या पेटीतले. टेबलाशी एक बाई, पांढरे केस कानामागे, डोळ्याला भिंग, चिमट्यात नखाएवढं वजन.

मी म्हटलं, "निम्मेकाका आहेत का?"

चिमटा जागच्या जागी थांबला. मग भिंग न काढताच त्या म्हणाल्या, "काका नाहीत. निम्मे आहे. कोण हवंय?"

मी दार उघडंच टाकलं होतं. त्या म्हणाल्या, "दार लाव, वाऱ्याने काटा हलतो."

मी वजन बघायला हात पुढे केला, तर हातावर चापटी! बोटाचा घाम लागला तरी ते वजन खोटं होतं म्हणे, म्हणून चिमटा. आणि काटा खरा की खोटा ते कसं बघतात, माहितेय? एकच वस्तू आधी या पारड्यात तोलायची, मग त्या पारड्यात. उत्तर बदललं तर काट्याचा एक हात मोठा. मी म्हटलं, "म्हणजे इथे दोनदा तोललं की खरं कळतं, आणि मावशीने दोनदा मोजलं तर..." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पहिल्यांदा भिंग काढून.

"कुणाची पोरगी तू?"

"बहिणीची. भाची."

"नाक तिचंच आहे," म्हणाल्या. "मधे खुपसायचं."

लिफाफा दिला. त्यांनी तो पाव किलोच्या वजनाखाली ठेवला. बाकी सगळं छान. हवा छान आहे. समुद्र छान आहे. रंगाऱ्याचा हात आता बरा आहे. तुझी तब्येत कशी आहे?

तुझी, भिंगरी

&nbsp;

१८ मे

चि. भिंगरी,

तू आजवर माझ्या तब्येतीची चौकशी एकदाच केली होतीस, माझी सायकल खड्ड्यात घालून आलीस तेव्हा.

चिमट्यावर सात ओळी, आणि तिने पत्र वाचलं का यावर एकही नाही. 'समुद्र छान आहे' म्हणजे काय ते मला कळतं.

मोजून चार आठवडे उरलेत. खाणीतून काल पुन्हा विचारणा आली. त्यांनी टाकीच्या झाकणाचे बोल्ट सैल करायची यादी केलीय. त्यांच्यातला एक मुलगा मला फोनवर म्हणाला, "आमच्याकडूनच काही राहून गेलं असणार, मॅडम." दहा वर्षं ज्याने चोख काम केलं, तो माझी माफी मागतोय.

काय असेल ते लिही. मला वाईट वाटेल म्हणून लपवू नकोस. वाईट मला सत्तावीस वर्षांपूर्वी वाटायला हवं होतं.

मावशी

&nbsp;

२४ मे

प्रिय मावशी,

बरं, खरं सांगते.

मी तिथे पोचले तीस एप्रिललाच. लिफाफा वजनाखाली गेला तो गेलाच. रोज जायचे, रोज तो तिथेच. विचारलं की म्हणायच्या, "हातातलं काम होऊ दे." तुला बारा तारखेला लिहिलं, तेव्हाही तो पाव किलोखालीच होता. मला वाटलं उद्या उघडतील, मग एकदमच चांगलं लिहू. मधल्या काळात मी चाळीस वजनं चमकवायला शिकले. एवढे दिवस एका खुर्चीवर मी जन्मात बसले नव्हते.

परवा तुझं पत्र आलं. तो मुलगा माफी मागतोय ते वाचलं आणि डोकंच फिरलं. दुकानात गेले. निम्मेच्या दोन्ही हातांत काट्याची दांडी, दातांत स्क्रू, म्हणजे उठता येणार नाही की बोलता येणार नाही. मी लिफाफा ओढला, फाडला आणि मोठ्यांदा वाचायला लागले.

"या निबंधातील चूक सर्वस्वी पहिल्या लेखिकेची आहे. दुसऱ्या लेखिकेने ती वेळीच दाखवून दिली होती, परंतु पहिल्या लेखिकेने ती..."

स्क्रू थुंकला त्यांनी! "पुरे!"

"चौथी ओळ राहिलीय," मी म्हटलं.

"राहू दे. पुन्हा तेच! तेव्हा सगळं बरोबर हिचं, आता सगळं चूक हिचं. माझं नाव त्या कागदावर काय शोभेला होतं?"

मला वाटलं होतं हे ऐकून त्या विरघळतील. अगं, त्या उलट भडकल्या. दांडी खाली ठेवली, आणि मग मला नाही, समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं बोलल्या. मी जसंच्या तसं लिहितेय:

"सही मीपण केली. पटलेलं नव्हतं तरी केली. सगळे हसले ना, तेव्हा मला वाटलं, एवढी शहाणी माणसं हसतायत म्हणजे मीच चुकले असणार. घरी जाऊन तीनदा सोडवलं. तीनदा निम्मंच आलं. आणि तरी सकाळी जाऊन सही केली. तुझ्या मावशीची गणितात चूक झाली, होते. मला तर गणित येत होतं. मी हशाला घाबरले. ती चूक कुठल्या ओळीत छापणार ती?"

 मावशी, तुला एक सांगते. सातवीत मी फळ्यापाशी उभी होते आणि मागून असंच हसले होते सगळे, मी त्यानंतर त्या वर्गात गेलेच नाही. हे मी आईलाही सांगितलेलं नाही. निम्मेंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "उत्तर काय लिहिलं होतंस?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर होतं की गं."

मग पत्रं परत का पाठवलीत, विचारलं. "तिचं अक्षर बघितलं की वाटायचं, आत माफी असणार. ती वाचली की मला मोठेपणाने माफ करावं लागलं असतं. आणि मग माझं मी कुणाला सांगणार होते?"

तुझ्या मसुद्यावर त्यांनी पेन्सिलीने आडवी रेघ मारलीय आणि समासात एकच शब्द लिहिलाय: 'आमची'. तेवढं केलंस तर सही, नाहीतर नाही म्हणाल्या. जोडी एकच आहे, दोन नावांवर दोनदा चढवायची नाही, असंही काहीतरी पुटपुटल्या. ते तुला कळेल.

लपवल्याबद्दल कान पकडते. सायकलबद्दलही.

तुझी, भिंगरी

&nbsp;

२९ मे

चि. भिंगरी,

तुझं पत्र विभागात सगळ्यांसमोर उघडलं, आणि मग खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मला वाटत होतं, दोष स्वतःवर घेणं म्हणजे चांगुलपणा. तिच्या वाटचा दोषही मी तिला न विचारता उचलून नेत होते. टेबलावर तिचा चहा उचलून प्यायचे तसंच. तेव्हाही विचारायचे नाही.

निम्मेला आणखी एक सांग. किंवा नको, हे पत्रच तिला दाखव. 'खोलीभर हशा पिकला' असं मी तुला लिहिलं होतं. त्या खोलीत सगळ्यात आधी कोण हसलं, ते लिहिलं नव्हतं. मी हसले होते. मला तेव्हाच क्षणभर शंका आली होती, निम्मं की काय, आणि ती दाबायला मी हसले.

नवा मसुदा सोबत आहे:

"आमच्या निबंधात न्यूट्रॉनच्या जोड्या दोनदा मोजल्या गेल्या आहेत. ही आमची चूक आहे. आम्ही ठरवलेले मूल्य निम्मे असायला हवे. त्यामुळे अपेक्षित ठिणग्यांची संख्या चौथाई होईल."

तिसऱ्या ओळीत तिचं नाव आपसूक आलं. मी मुद्दाम घातलेलं नाही, शपथ. दुसरा शब्दच नाही त्याला.

संपादक म्हणाले, पाच तारखेपर्यंत कागद हातात आला तर दहाच्या आत छापू. टपालावर विसंबू नको. तू स्वतः घेऊन जा. तुझ्यावर विसंबतेय, हे माझं मलाच नवल वाटतंय.

मावशी

&nbsp;

१७ जून

प्रिय दुप्पट,

मला निम्मे केलंस, तेव्हा तुझं हे नाव आपोआप पडलं होतं. सात वर्षांच्या शेजाराचा मान म्हणून तोंडाने कधी म्हटलं नाही. आता म्हणते.

शुद्धिपत्र छापून आलं आणि खाणवाल्यांनी झाकणाचे बोल्ट पुन्हा आवळले, हे तुझ्या भाचीने पायऱ्या धावत चढून येऊन सांगितलं. दुकानातले सगळे काटे हलले. कागद घेऊन तिला संपादकांकडे पाठवताना मी स्वतः गाडीत बसवून आले होते, खिडकीपासून लांब, दोन जाड माणसांच्या मधे. वेळेत पोचली. परत येताना मात्र दोन दिवस लागले. विचारलं नाही.

पोरगी हुशार आहे. हाताला चैन नाही, पण चिमटा धरला की श्वास रोखून धरते. हवे तितके दिवस राहू दे माझ्याकडे. कंटाळली की जाईल, मी थांबवणार नाही. सकाळी तिला गणितं घालते. चुकली तर मी हसत नाही, बरोबर आलं तर दोघी हसतो.

तू सगळ्यात आधी हसली होतीस हे मला माहीत होतं. मागच्या रांगेतून सगळं दिसतं. शंका आली होती, ते माहीत नव्हतं. ते वाचून त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि पायऱ्यांवर जाऊन बसले. आणखी काही लिहू नकोस त्याबद्दल. ये, आणि समोर बसून बोल. चहा तुझा तू आण.

सही करायच्या आधी यंदा मी सगळा निबंध पुन्हा वाचला. पेन्सिल घेऊन, पहिल्या पानापासून. हात गंजलाय, वेळ लागला, पण मजा आली, इतकी की एका औषधवाल्याचा काटा चार दिवस तसाच पडून राहिला. उत्तर आता ठीक आहे. पण पान अकरा, वरून तिसरी ओळ. तिथे एका पायरीवरून तू एकदम दुसऱ्या पायरीवर गेलीयस, आणि मधे फक्त 'साहजिकच' असं लिहिलंयस. मला ते साहजिक वाटत नाही. तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा विचारलं नाही.

आता विचारते.

निम्मे